चांदवडच्या बॉलमधली हवा

१ जानेवारी, गुरुवार

संकल्प. रोज सकाळी पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत चालायचं. आणि फुटबॉलवरून चिडायचं नाही. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवलीय, ते कारण नाही. मुळात मी चिडत नाहीच, आवाज मोठा आहे.

इंदिरेला संकल्प सांगितला. हसली. बायको म्हणून तिनं थोडा तरी विश्वास दाखवायला हवा.

आज थंडी फार. चालणं उद्यापासून.

४ जानेवारी, रविवार

गोदा लीगची सेमी-फायनल. आमचे इंदिरानगर रेंजर्स विरुद्ध चांदवड इलेव्हन. त्यांच्याच ग्राउंडवर, भल्या सकाळी. हरलो. तीन-शून्य.

चिडलो नाही. प्लास्टिकची खुर्ची मोडली ती जुनी होती.

आमचा गोलकीपर ओम. माझा पुतण्या, विश्वेशचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पहिला गोल म्हणजे अर्ध्या ग्राउंडवरून घरंगळत आलेला बॉल. ओम खाली वाकला आणि बॉल त्याच्या दोन पायांमधून आत. नीट फुगलेला बॉल असा जाऊच शकत नाही. आकारमानाचा प्रश्न आहे.

मॅच संपल्यावर बॉल हातात घेऊन अंगठ्यानं दाबला. अंगठा आत गेला. पिकलेला चिकू!

परतताना हायवेवर सगळा उलगडा झाला. चांदवडवाल्यांनी हवा काढली होती. गाडीत बाकीचे झोपले होते म्हणून कुणाला सांगता आलं नाही.

५ जानेवारी, सोमवार

शेजारच्या टेबलावरचा भारत गांगुर्डे मूळचा चांदवडचा. आज ऑफिसात पेढे घेऊन आला. मी पेढा घेतला, पण तत्त्व म्हणून अर्धाच खाल्ला. उरलेला दुपारी.

चहाला विषय काढला. तो म्हणाला, "गायधनीसाहेब, बॉल एकच व्हता ना? तुमच्याबी पोरांनी तोच मारला, आमच्याबी पोरांनी तोच मारला. मंग?"

काही लोकांना खोलात जाता येत नाही. मी समजावलं की त्यांच्या पोरांना मऊ बॉलची सवय आहे, आमची मुलं टणक बॉलवर घडली आहेत. तो म्हणाला, "मंग तुमच्या पोरांनी आधी सांगायचं, आमी पंप मारला असता."

अकाउंट्सचे सगळे हसले. भारत माणूस चांगला आहे. वीस वर्षं एकत्र चहा पितो आम्ही. पण चांदवडचं नाव निघालं की त्याचा न्यायबुद्धीशी संबंध सुटतो.

७ जानेवारी, बुधवार

'रेंजर्स समर्थक मंच' या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रकरण टाकलं. नाव दिलं 'हवाकांड'. नाव मलाच सुचलं. पुरावा म्हणून पहिल्या गोलचा व्हिडिओ जोडला, स्लो मोशनमध्ये. बॉल पायांमधून जाताना किंचित चपटा होतो, तिथे लाल गोल केला.

उत्तम प्रतिसाद. लोकांनी पुढे पाठवला. दुपारपर्यंत तो सिडकोच्या दोन ग्रुपवरून फिरून माझ्याकडेच परत आला, वर ढोलताशाचं म्युझिक लावलेलं. म्हणजे पोचतोय.

चालायला गेलो नाही. चळवळ उभी करायची तर पाय मोकळे हवेत.

९ जानेवारी, शुक्रवार

लीग पक्षपाती आहे. आज ठाम झालो.

सेक्रेटरी सोमनाथ बोरस्ते. त्यांची सासुरवाडी चांदवड तालुक्यात. दुसरं, सेमी-फायनल चांदवडला ठेवली. (भारत म्हणतो चिठ्ठी टाकून ठरलं. चिठ्ठी कुणी उचलली ते विचारलं. आमच्या कॅप्टननं, म्हणे. म्हणजे किती खोलवर पोचलेत बघा!) तिसरं, लीगच्या लोगोत फुटबॉलच्या खाली जे आहे ते मी आजवर द्राक्ष समजत होतो. भिंग लावून पाहिलं. कांदा आहे, चांदवडचं पीक.

इंदिरेला दाखवलं. ती म्हणाली, "अहो, ती पणती आहे." तिचा चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतो.

११ जानेवारी, रविवार

शास्त्रीय प्रयोग. काल ओमचा जुना बॉल आणला, नीट हवा भरली, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. मेथी आणि दही बाहेर काढावं लागलं. विज्ञानाला जागा लागते.

सकाळी दाबून पाहिला. मऊ! अगदी चांदवडच्या बॉलइतका.

इंदिरा म्हणाली, मग झालं तर, थंडीनं झालं असेल, कुणी हवा काढली नाही. क्षणभर मीही थांबलो. पण मग लक्षात आलं. मॅच सकाळी लवकर कुणी ठेवली? लीगनं. चांदवडला सकाळी थंडी असते हे कुणाला ठाऊक? चांदवडकरांना. म्हणजे हवेला हातही न लावता हवा काढली. गुन्हेगार हुशार आहेत.

दही आंबलं. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. भारतला तिळगूळ दिला. गोड बोलायची जबाबदारी आता त्याची.

त्यानं तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाला, "साहेब, एक सांगू का? त्या पोराचा व्हिडिओ लय फिरतोय. आमच्या गावात लग्नाच्या पंगतीत दाखवत व्हते. बंद करा ना आता."

घाबरले. चांदवडवाले घाबरले! लीगकडे लेखी तक्रार आजच पाठवली.

१६ जानेवारी, शुक्रवार

ओम घरी आला. मी आनंदानं तक्रारीची प्रत दाखवली. त्यानं वाचली नाही. उभ्याउभ्याच बोलला.

"काका, प्लीज थांबवा हे. तुम्ही हवेचा विषय काढला की लोक तोच व्हिडिओ परत बघतात. कॉलेजात मला 'बोगदा' म्हणतात. पुढच्या महिन्यात जिल्हा संघाची निवड आहे. तिथल्या कोचनंसुद्धा बघितलाय. बॉल ठीक होता. मी चुकलो. गोल गेला. एवढंच आहे ते."

इंदिरेनं त्याला पोहे दिले. खाल्ले नाहीत. गेला.

केवढ्या मोठ्या मनाचा मुलगा! संघासाठी सगळा दोष स्वतःवर घेतोय. मला भरून आलं. आता तर माघार नाहीच. ओमचं नाव स्वच्छ करूनच थांबणार.

इंदिरा विचारत होती की तो काय म्हणाला ते मी ऐकलं का. ऐकलं म्हणजे काय, शब्दन् शब्द ऐकला.

१८ जानेवारी, रविवार

लीगच्या ऑफिसात सुनावणी. बोरस्ते, दोन मेंबर आणि पंखा. मी भाषण केलं. प्रयोग सांगितला, लोगो दाखवला. बोरस्त्यांनी विचारलं, बॉल एकच होता ना? मी म्हणालो, हा प्रश्न चांदवडकडून आलेला दिसतो.

कॅप्टन सोडून रेंजर्सपैकी कुणी आलं नव्हतं. कॅप्टनही म्हणाला की आम्ही वाईट खेळलो, तक्रार आमची नाही. दबाव! त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता.

ते तिघं बाहेर जाऊन कुजबुजले. हसण्याचा आवाज आला. मग आत येऊन बोरस्ते म्हणाले, सेमी-फायनलचा निकाल तोच राहील. पण गायधनीसाहेबांची तळमळ पाहता येत्या रविवारी चांदवड-ओझर फायनलला त्यांनीच बॉलची हवा तपासावी.

बॉल निरीक्षक! अधिकृत! गळ्यात कार्ड!

बोरस्त्यांबद्दल माझं मत घाईत झालं होतं. निःपक्षपाती माणूस. लोगोत पणतीच आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

तयारी. कॉलनीतल्या पंक्चरवाल्याकडून पंप आणि हवा मोजायचं मीटर आणलं. तो म्हणाला फुटबॉलसाठी चालेल का बघा, हे गाडीचं आहे. हवा ती हवा.

भारतला कार्डाचा फोटो पाठवला. त्यानं हात जोडलेली खूण पाठवली. आदर.

ओमला फोन केला. उचलला नाही. सरावात असेल.

२५ जानेवारी, रविवार

फायनल. तब्येत बरी नाही, थोडक्यात लिहितो.

बॉल दाबला. मऊ वाटला. मीटर लावलं. मीटरवर गाडीच्या टायरचा आकडा हिरव्या रंगात होता, तिथपर्यंत हवा भरली. रेफ्री म्हणाला जास्त होतेय. त्याला म्हटलं, निरीक्षक कोण?

मॅच सुरू. बॉल पडला की दोन मजली उसळायचा. चांदवडचे लोक सुरुवातीला हसत होते. मग त्यांच्या सेंटर फॉरवर्डनं हेडर मारला आणि तो खालीच बसला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. त्याला बाहेर नेलं. तो त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडू, हे मला नंतर कळलं. पुढच्याच मिनिटाला ओझरच्या बॅकनं नुसता बॉल बाहेर काढायला मारला, तो जमिनीवर आपटून चांदवडच्या कीपरच्या डोक्यावरून गोलमध्ये. मग रेफ्रीनं बॉल बदलला, पण गोल धरला. ओझर एक, चांदवड शून्य. तसंच संपलं.

चांदवडकर ग्राउंडमध्ये उतरले. "हवा कुणी भरली?" सगळे एका सुरात. हातात मोबाईल, सगळे कॅमेरे माझ्यावर. मी कार्ड शर्टाच्या आत टाकलं. एवढ्या गर्दीत भारत पुढे आला. त्याला पाहून हायसं वाटलं. तो म्हणाला, "गायधनीसाहेब, तुमी मुद्दाम केलं का?"

मी म्हणालो, "अहो भारत, बॉल एकच होता. दोन्ही टीमनी तोच मारला ना?"

भारत वळला. टेंगूळ आलेल्या पोराकडे गेला. तो त्याच्या बहिणीचा मुलगा, हेही नंतर कळलं.

२७ जानेवारी, मंगळवार

लीगचं पत्र. पुढचा पूर्ण हंगाम ग्राउंडवर बंदी. बोरस्त्यांची सासुरवाडी शेवटी बोललीच.

माझा पंप मारतानाचा व्हिडिओ आला. वर तेच ढोलताशाचं म्युझिक.

भारत चहाला अकाउंट्समध्ये जाऊन बसला. कदाचित तिकडे पंखा चांगला आहे. मी टेबलावरच प्यायलो. साखर कमी होती.

३० जानेवारी, शुक्रवार

भारतच्या भाच्याची चौकशी करायची ठरवलं. फोन हातात घेतला. मग वाटलं, फोनवर नको, चांदवडला जाऊनच भेटावं. मग वाटलं, लगेच नको, टेंगूळ उतरू द्यावं. त्यालाही बरं वाटेल.

इंदिरा काल एकटीच त्याला भेटून आली, विश्वेशच्या गाडीतून. फळं घेऊन गेली होती. मला सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ओमची जिल्हा संघात निवड! विश्वेशनं इंदिरेला कळवलं, तिनं मला. हवाकांड झालं नसतं तर निवड समितीचं लक्ष त्याच्याकडे गेलं असतं का? नाव तरी कळलं असतं का? हे त्याला कधीतरी समजेल. मी बोलून दाखवणार नाही.

पहिली मॅच २२ला, ओझरला. बंदी फक्त गोदा लीगची आहे. जिल्ह्याला लागू नाही. पत्र दोनदा वाचून खात्री केली.

२२ फेब्रुवारी, रविवार

ओझरला गेलो. विश्वेश आणि इंदिरा पुढच्या रांगेत होते. त्यांच्या गाडीत जागा नव्हती असं सांगितलं होतं. एक सीट रिकामी दिसली, बॅग ठेवायला लागली असेल. मी मागे, टोपी घालून. ऊन होतं.

टीम आली. सगळ्यांच्या पाठीवर आडनावं. आहेर, शेख, निकम, पवार. ओमच्या पाठीवर फक्त 'ओम'.

छपाईवाल्याची चूक. किंवा गायधनी हे आडनाव पाठीवर बसलं नसेल, पोरगा बारीक आहे. बाजूच्या माणसाला तसं म्हणालो. ओझरचाच होता, शेंगदाणे खात होता.

तो म्हणाला, "नाही हो, त्यानं स्वतःच काढायला लावलं. त्याचा कुणीतरी काका हाय म्हणं, हवावाला. लोक आडनाव बघून ओरडत्यात."

मी मॅच बघत राहिलो.

त्यानं शेंगदाण्याची पुडी पुढे केली. "तुमी कोण त्याचे?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "इकडून चाललो होतो, सहज थांबलो."

ओमनं दोन गोल वाचवले. दुसरा तर उजवीकडे झेपावून, एका हातानं. सगळे उभे राहिले. मीही उभा राहिलो. नाव घेऊन ओरडावंसं वाटलं. टाळ्या वाजवल्या.