अकरा महिने वाचलेलं नाव

बारामती,
सोमवार, दुपार

प्रिय मेघू,

पाकिटावरचा पत्ता शेजारणीकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडता फडताळात टाकलं असतंस, आणि तुला दोषही देता आला नसता. फोन करणार होते. पण फोनवर माझा आवाज आधी चढतो आणि बुद्धी मागून येते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? सहा वर्षांपूर्वी तेच झालं. कुणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला: उजनीच्या पाण्यात कमरेपर्यंत उभी असलेली तू, अंगावर पांढरी साडी, आणि शेजारी तुमचा तो जीन्सवाला पाळक, अविराज, तुझ्या डोक्यावर हात ठेवून. माझ्या डोक्यात तिडीक गेली. फोन लावून विचारलं, पपांनी तू तान्ही असताना दिलेला बाप्तिस्मा काय खोटा होता? तू म्हणालीस, खोटा नव्हता अक्का, पण तो त्यांनी दिला होता, हा मी मागून घेतला. मला ते उत्तर तेव्हा कळलं नाही. खरं सांगू, आजही पुरतं कळलेलं नाही. मी म्हटलं, आजपासून मला अक्का म्हणू नकोस. आणि तू, भली बाई, खरंच म्हणाली नाहीस.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. तुझ्या लेकीच्या लग्नाला ताप आल्याचा निरोप धाडला होता, तो ताप नव्हता. त्या लग्नासाठी घेतलेली मोरपंखी साडी नेसून मी सकाळी नऊपासून खुर्चीत बसले होते. रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. उठवेना.

आता बातमी. आमची बारामतीची जुनी चर्चमंडळी, तुमची इंदापूरची, आणि काटेवाडीला सुयशच्या ओसरीवर जमणारी घरमंडळी, अशा तिन्ही मंडळ्यांनी मिळून लोकांसाठी काहीतरी सेवा करायची ठरवलीय, हे अविराजनं तुला सांगितलं असेलच. त्यानं गोड करून सांगितलं असणार. झालं कसं ते माझ्याकडून ऐक. पहिली सभा आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत भरली. प्रत्येक मंडळीची दोन-तीन माणसं. आमच्याकडून सचिव आबाजी, म्हणजे ते निवृत्त मुख्याध्यापक, आणि मी. आबाजींना रुग्णवाहिका हवी होती. अविराजला तरुणांसाठी व्यसनमुक्तीचं केंद्र. सुयश दुधाच्या धंद्यातला माणूस, त्याला शाळेतल्या पोरांना रोज पेलाभर दूध द्यायचं होतं. तिन्ही गोष्टी चांगल्या. पण दीड तास चर्चा कशावर झाली असेल? बॅनरवर कुणाचं नाव वर घ्यायचं यावर! आमचे आबाजी म्हणाले, आमची मंडळी सगळ्यांत जुनी. तुमचा अविराज म्हणाला, आमच्याकडे माणसं सगळ्यांत जास्त. सुयश बिचारा म्हणाला, आमचं खाली घातलं तरी चालंल, पन घाला. मी अविराजकडे पाठ करून बसले होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं, मोडू दे.

शेवटी उठता उठता मी बोलले, तेही वैतागून. म्हटलं, रुग्णवाहिका आणाल तेव्हा आणाल, निदान आपण रविवारी कुणासाठी प्रार्थना करतो तेवढं तरी एकमेकांना माहीत असू द्या. पुढच्या सभेला आपापल्या प्रार्थनेच्या याद्या घेऊन या. तुला माहीतच आहे, दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे मध्यस्थीच्या प्रार्थनेआधी आजाऱ्यांची नावं मीच वाचते. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. त्याचा मला जरा ताठाही होता.

दुसऱ्या सभेत याद्या वाचायला घेतल्या. आमच्या यादीत चौथं नाव: भागुबाई, पणदरे, मांडीचं हाड मोडलंय. काटेवाडीच्या यादीत: भागुबाई, पणदरे. अविराजनं तुमची वही उघडली, तिच्यातही भागुबाई, पणदरे. आधी सगळे हसले. मग आबाजींनी सहज विचारलं, तिच्याकडे जातं कोण? मी म्हटलं, सुयशचं दूध त्या बाजूला जातं, तेच जात असतील. सुयश म्हणाला, न्हाय बा, आमाला वाटलं नर्सबाई हायत म्हटल्यावर बारामतीचं लोक बघत असतील. अविराज म्हणाला, आम्हाला तर पणदरे लांब पडतं. कुणीच गेलेलं नव्हतं, मेघू. अकरा महिने. अकरा महिने दर रविवारी मी खणखणीत आवाजात ते नाव वाचलं, डोळे मिटले, आमेन म्हटलं आणि घरी येऊन मटण शिजायला टाकलं. चौतीस वर्षं नर्स होते मी. मांडीचं हाड मोडलेली बाई अंथरुणाला खिळली की तिच्या पाठीचं काय होतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. तोंडात मारल्यासारखं झालं.

लगेच दुसऱ्या दिवशी गेलो, सुयशच्या दुधाच्या टेम्पोतून. पणदऱ्याच्या पुढं उसाच्या कडेला पत्र्याची खोली. दार नुसतं लोटलेलं. ही भागुबाई आपल्यातली नव्हे बरं का. तिची सून साखरबाई दवाखान्यात सफाईला आहे. माणूस मेटाकुटीला आलं की जो भेटेल त्याला सांगतं, तसं तिनं मला सांगितलं, दूध घेताना सुयशला सांगितलं आणि माहेरी इंदापूरकडे गेली तेव्हा तुमच्याकडे नाव दिलं. सून कामावर गेली की म्हातारी दिवसभर एकटी. आम्ही सहा जण आत शिरलो तशी घाबरली. म्हणाली, विलेक्शन आलं व्हय? आबाजींनी घसा खाकरून समजावलं, की आम्ही तीन मंडळ्यांचे लोक, आपल्यासाठी वर्षभर प्रार्थना करतोय. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, वरीसभर देवाला माझं नाव सांगताय, आन् देवानं तुमाला हितला पत्ता आत्ता दिला व्हय? रागानं नाही, खरंच नवल वाटून विचारलं तिनं. आबाजींनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

पाठीवर दोन जखमा होत्या. वाटलं होतं त्याहून बऱ्या, कारण साखरबाई रोज पहाटे कूस बदलून, पाठ पुसून जाते. त्या सुनेचे पाय धरावेत असं वाटलं. मी जखमा धुतल्या, पट्टी केली आणि विचारलं, आजी, अजून काय करू? मला वाटलं प्रार्थना म्हणेल, औषध म्हणेल. ती म्हणाली, डोस्कं धू गं बाई, लई खाजतंय. मग अविराजनं काय केलं सांगू? बाजेखालचं भांडं उचललं, बाहेर नेऊन रिकामं केलं, राखेनं घासलं, आणि येऊन चुलीवर पाणी ठेवलं. नंतर त्यानं म्हातारीला खांद्यापाशी धरून बाजेच्या कडेला आणलं, इतकं अलगद, की दवाखान्यातल्या आमच्या वॉर्डबॉयना बोलावून दाखवावं. मी ज्याचा सहा वर्षं राग राग केला तो हा मुलगा. मला माझीच लाज वाटली. त्याला म्हटलं, जरा डावीकडं धर बाळा. बाळा! माझ्याच तोंडून आलं ते.

तिच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. शिकेकाई लावून एकेक बट सोडवत होते आणि बोटांना तू आठवलीस. शनिवारी दुपारी मागच्या दारी दगडावर तुला बसवून मी डोकं धुवायची, रविवारी चर्चला पपा उपदेशाला उभे राहायचे, त्यांच्या समोर पहिल्या बाकावर बसायचं म्हणून. डोळ्यांत शिकेकाई गेली की तू बोंब मारायचीस आणि आई आतून मलाच ओरडायची. भागुबाईचे डोळे मिटले होते. ती म्हणाली, आता झोप लागंल. आणि खरंच लागली. मी परातीतलं पाणी ओतायला बाहेर गेले ती बराच वेळ बाहेरच राहिले. खूप रडले गं. सुयशला वाटलं उन्हाचा त्रास झाला, त्यानं ताकाची पिशवी फोडून दिली.

सेवेचं काय करायचं ते तिथंच, टेम्पोच्या सावलीत ठरलं. आबाजींनी दुधाच्या पावतीच्या पाठीमागं लिहिलं. यादीत नाव आलं की आठ दिवसांच्या आत त्या उंबऱ्यावर कुणीतरी गेलंच पाहिजे. माणूस कुठल्या धर्माचं, कुठल्या मंडळीचं, ते विचारायचं नाही, ज्याला जवळ पडेल त्यानं जायचं. पाठ धुवायची, नखं काढायची, औषधं बघायची, घरच्या बाईला दोन तास मोकळं करायचं. तिसरी गोष्ट साखरबाईनं घालायला लावली, ती तोवर कामावरून आली होती. म्हणाली, सहा परकी मानसं येकदम घरात शिरली, माझी सासू घाबरली असंल. म्हणून असं ठरलं, की ज्यानं नाव दिलं त्यानं पहिल्या खेपेला स्वतः सोबत यायचं. बस, एवढंच. रुग्णवाहिकेचं बघू पुढं. बॅनर छापायचा राहून गेला आणि कुणी त्याचं नावही काढलं नाही. पणदऱ्याला आता मंगळवारी आणि शुक्रवारी कुणी ना कुणी जातं. आबाजी नखं काढायला शिकलेत. हात थरथरतो, पण मन लावून काढतात.

तीन याद्यांची मिळून एक यादी करायचं काम माझ्याकडे आलं. शनिवारी दुपारी जेवण उरकून टेबलावर बसले. आमचा कागद झाला, काटेवाडीचा झाला, मग तुमची वही उघडली. अविराजनं ती सभेत स्वतःच वाचली होती, म्हणून मी आत पाहिलंच नव्हतं. ते अक्षर तुझं. ‘ण’चा काना लांब ओढायची तुझी खोड अजून गेलेली नाही. शेवटच्या पानावर भागुबाईच्या खाली लिहिलं होतं: संजीवनी, बारामती. गुडघे. मला वाटलं दुसरी कुणी संजीवनी असेल. मागचं पान उलटलं. संजीवनी, बारामती. गुडघे. त्याच्या मागं बरीच पानं: एकटी राहते. त्याच्या मागं, माझी नोकरी संपली त्या महिन्यात: निवृत्ती, करमत नसेल. त्याच्याही मागं: रक्तदाब. तुला हे सगळं कोण कळवत होतं देव जाणे. वहीच्या पहिल्या पानापर्यंत गेले. त्यावरची तारीख आपण भांडलो त्याच्या पुढच्या रविवारची आहे. पहिलंच नाव माझं, आणि पुढं फक्त एक शब्द: अक्का. सहा वर्षं, मेघू. एकही रविवार चुकलेला नाही. आणि मी, आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्यांची, परगावी गेलेल्यांची, सगळ्या गावाची नावं वाचणारी, तुझं नाव एकदाही वाचलं नाही. मुद्दाम वाचलं नाही. नियमाप्रमाणे खरं तर तूच माझ्या दारात यायला हवंस, कारण नाव तू दिलंयस. पण तू सहा वर्षं येतच होतीस, दार मी लावून घेतलं होतं. म्हणून काल नव्या यादीत मी एक नाव वाढवलं आणि उपासनेत उभी राहून मोठ्यानं वाचलं, आवाज अजिबात खणखणीत निघाला नाही: मेघना, इंदापूर. त्रास काय, या रकान्यात लिहिलंय: मोठी बहीण. नाव मी दिलंय, तेव्हा यायचं मलाच. गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघते. मला माफ कर, आणि दार उघडशील तेव्हा फक्त एकदा अक्का म्हण.

तुझीच, सहा वर्षं उशिरा निघालेली,
अक्का