कामणच्या उतारावरचा दुसरा गिअर

बाबा, कामणच्या उतारावर तुमचा गिअर चुकला नव्हता. एवढंच एक वाक्य तुम्हाला सांगायचं होतं. अपघातानंतर तुम्ही नऊ वर्षं जगलात, त्या नऊ वर्षांत मी रोज तुमच्यासमोर पाटावर जेवायला बसलो, आमटी वाढा म्हणालो, मीठ कमी आहे म्हणालो, आणि हे वाक्य काही तोंडातून निघालं नाही. तुम्ही जाऊनही आता इतकी वर्षं झाली की माझेच गुडघे जिना चढताना कुरकुरतात. आज लिहायला बसलोय ते काही धीर आला म्हणून नव्हे. तुम्ही ऐकणार नाही याची पक्की खात्री आहे, म्हणून बसलोय.

शेटची ती गाडी मला अजून जशीच्या तशी दिसते. दोनच माणसांची, बुटकी, बिनटपाची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी, कुठल्या तरी साहेबाने जाताना विकलेली. शेट मुंबईचे. आपल्या वाडीलगत त्यांचा बंगला, आणि बंगल्याची, विहिरीच्या पंपाची आणि गाडीची जबाबदारी तुमच्यावर. गावाला वाटायचं, असली गाडी म्हणजे नुसता वेग. तुम्हाला वेगाचं काडीचं कौतुक नव्हतं. तुमचं सगळं लक्ष गाडी हळू कशी होते याच्यावर. तुम्ही मला शेजारी बसवता, केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर नेता आणि म्हणता, "डोले मीट. आता मी गेर खाली आनतो. कधी आनला ते सांग." मी डोळे मिटून बसतो. क्लच दाबून गिअर मोकळा, क्लच सोडून अॅक्सिलरेटरला हलकासा पाय, इंजिनाचा आवाज जरा चढला की पुन्हा क्लच, आणि मग खालचा गिअर. हे सगळं झालेलं असतं आणि मला पत्ता नसतो. तुम्ही खुशीत हसता. "शेजारच्याची मान हलली का ड्रायव्हर कच्चा," असं तुमचं माप होतं. एकदा आईला दवाखान्यात नेताना तिची मान हलली, तर घरी येईपर्यंत तुम्ही स्वतःवरच घुश्शात होता. ती बिचारी म्हणत होती, अहो, मला डुलकी लागली होती.

मला शिकवताना मात्र तुमचा जीव टांगणीला. मी गिअर टाकला की दात खरवडल्याचा आवाज यायचा आणि तुमचं तोंड कडू व्हायचं. "गेर मारू नको, पोरा. इंजिन आनि चाकं एका चालीवर आली का तो आपसूक बसतो. नाय बसला तर सोडून दे, ब्रेक दाब, गाडी थांबव. पन जोर करू नको. आत लोखंड हाय, ते मुकाट्यानं वाकतं." हे तुम्ही मला किती वेळा सांगितलं असेल! मी एकवीस वर्षांचा होतो, मला सगळं येत होतं.

तुम्ही त्या शनिवारी मामाच्या गावी बारशाला गेला होता. शेट रविवारी येणार होते, म्हणून गाडी धुऊन ठेवायचं काम माझ्याकडे. मी ती धुतली आणि बाहेर काढली. महामार्ग ओलांडून कामणच्या रस्त्याला लागलो. तेव्हा तिकडे गोदामं नव्हती. भातखाचरं, मध्येच रान आणि एक लांब उतार, त्याच्या शेवटी डावीकडे वळण. उतारावर मी गाडी सुसाट सोडली. वळण जवळ आलं, मी तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलो, पायाची ती हलकी चाल विसरलो, गिअर बसेना. ब्रेक दाबायचा सोडून मी तळहाताने दांडा आत ठोसला. असा आवाज आला की माझ्या दाढा आंबल्या. गिअर पडला, वळणही निघालं. पण पुढे अॅक्सिलरेटरवरून पाय काढला रे काढला, की दांडा आपोआप दुसऱ्यातून उडून मोकळा व्हायचा. आतलं लोखंड वाकलं होतं. डाव्या हाताने दांडा दाबून धरत मी ती घरी आणली, धूळ पुसली आणि शेडमध्ये लावली.

रविवारी चर्चमधली मिस्सा, सकाळची प्रार्थना, आटोपून तुम्ही शेडमध्ये आलात. आत बसलात आणि थबकलात. "सीट मागं कोनी सारली?" मी दारात उभा होतो. मी म्हणालो, "आतून पुसत होतो, तेव्हा सरकली असेल." तुम्ही बरं म्हणालात, सीट पुढे घेतलीत. माझ्या शब्दावर तुम्ही इतक्या सहज विश्वास ठेवलात याचा मला तेव्हा सुटकेसारखा आनंद झाला. आता त्या आनंदाची शिसारी येते. गाडी फाटकातून जाताना मी पाहिली. एक हाक मारायची होती, दुसरा गिअर उडतो म्हणून. फार तर कानाखाली बसली असती.

शेटना कामणच्या पुढे जमीन बघायची होती. त्याच उतारावर तुम्ही तुमच्या पद्धतीने, लोण्यात सुरी जावी तसा दुसरा टाकलात, आणि तो वळणावर उडाला. गाडी एकदम मोकळी सुटली. तुमचा हात दांड्याकडे गेला, तेवढ्यात वळण निघून गेलं. कडेने एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती. ती जागीच गेली. शेटना खरचटलं. तुमचा डावा पाय पेडलांत अडकून गुडघ्यातून मोडला.

गाडी कोणी उघडून पाहिलीच नाही. चेपलेली, ती तशीच भंगारात गेली. आणि पाहायची गरजही कोणाला वाटली नाही, कारण तुम्ही दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून एकच सांगत होता. पोलिसांना तेच, कोर्टात तेच. "साहेब, गेर माझ्याकडून पुरता बसला नाय. चूक माझी." तुम्ही सहा महिने ठाण्याच्या तुरुंगात काढलेत. परत आलात ते काठी घेऊन, आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीत. लोकांच्या केळींना पाणी सोडायला जायचात. काम करता करता तुमचा डावा हात मधेच हवेत पुढेमागे व्हायचा. कुठे चुकलं ते शोधत होता तुम्ही, बाबा. मी बांधावर उभा राहून ते बघायचो आणि दुसरीकडे तोंड फिरवायचो.

त्या बाईच्या घरी तुम्ही दर वर्षी जायचात. एकदा मला बरोबर नेलंत. तिच्या नवऱ्याने पाणी दिलं आणि तो म्हणाला, "दादा, पायाचा तरास करून येतोस. ती काय परत येनार नाय. पन येत ऱ्हा. तिचं नाव काढनारा दुसरा कोन हाय?" तुम्ही रडलात. मी पेल्यातलं पाणी संपवलं. आणि दर वर्षी अपघाताच्या रविवारी तुम्ही फादरांना तिच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगायचात. वेदीवरून फादर तिचं नाव वाचायचे, चर्चमध्ये कुजबुज व्हायची, ही कोण हिंदू बाई?

मी कुणालाच सांगितलं नाही असं नाही. पहिल्याच महिन्यात, तुम्ही दवाखान्यात असताना, मी फादरांकडे पापनिवेदन केलं. जाळीपलीकडून ते म्हणाले, "देवाला सांगितलंस, चांगलं केलंस. आता बापाला सांग." प्रायश्चित्त म्हणून रोझरीची जपमाळ म्हणायला दिली. रोझरी मी त्याच संध्याकाळी म्हटली. दुसरं राहिलं. मला वाटलं, क्षमा मिळाली, हिशेब देवाकडे मिटला, मग घरात कशाला खळबळ? आपल्या लोकांत ही एक सोय फार मोठी आहे. तुम्ही तुरुंगातून सुटून आल्यावर दर महिन्याला एका शनिवारी आपण दोघं पापनिवेदनाच्या एकाच रांगेत उभे. तुम्ही पुढे, काठी टेकत. आत जाऊन तुम्ही तेच पाप पुन्हा पुन्हा सांगायचात, हे मला ठाऊक होतं, कारण बाहेर येताना तुमचे डोळे तसे असायचे. तुमच्यामागून मी आत गुडघे टेकायचो आणि खोटं बोललो, आळस केला, असलं काहीबाही सांगायचो. फादरांना दोघांचंही माहीत. पण पापनिवेदनात ऐकलेलं बाहेर सांगायची त्यांना मुभा नाही. काही वर्षांनी त्यांनी माझ्याकडे बघणंच सोडलं.

तुमच्या शेवटच्या दिवशी दुपारी फादर अंत्यसंस्काराआधीचं, मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन आले. मला खोलीबाहेर काढलं. बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि इतकंच म्हणाले, "जा आत. शुद्धीवर आहे अजून." मी आत आलो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, "काय रे?" म्हणालात. मी म्हणालो, "पानी देऊ?" तुम्ही मान हलवलीत. मी चमच्याने पाणी पाजलं. संध्याकाळी तुम्ही गेलात, एका मेलेल्या बाईचा भार छातीवर घेऊन, जो माझा होता.

हे पत्र कुठे टाकणार? जागा कमी, म्हणून तुमच्या कबरीत आता दुसऱ्या कोणाला ठेवलंय, आणि ते फादरही गेले. फाडून टाकीन, नाहीतर कपाटात राहील आणि माझ्यामागे पोरं रद्दीत देतील.

लाजेने गप्प राहिलो, भीतीने राहिलो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरंच आहे, पण पुरतं नाही. अपघातानंतर शेटनी दुसरी गाडी घेतली आणि तिच्यावर मला ठेवलं. तुम्हीच म्हणालात, जा. मी गाडी घेऊन गावातून गेलो की नाक्यावर बसलेले म्हणायचे, बापापेक्षा पोराचा हात चांगला. कधी कधी तुमच्या देखत म्हणायचे, आणि तुम्ही मान डोलवायचात. मी ते कधी खोडलं नाही. बाबा, मला ते ऐकायला आवडायचं.