कॅप्टनचं हेल्मेट

प्रिय आईस,

तुला आणि बाबांना नमस्कार करून लिहायला बसलोय. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा काय म्हणतोय?

सिनेमाचं काम जोरात चालू आहे. आमचं अवकाशयान एका बंद कारखान्यात उभं आहे. अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटवून त्यांना चंदेरी रंग मारलाय. तू पाहशील तर पोट धरून हसशील, पण दिवे लागले की खरंच पृथ्वी लांब राहिल्यासारखं वाटतं. रंगाच्या वासानं जरा खोकला येतो, एवढंच.

कॅप्टनचं काम करणारे काका मागच्या आठवड्यात गेले. कारखान्याच्या तापलेल्या पत्र्याखाली, अंतराळवीराच्या त्या जाड पोशाखात जीव गुदमरायचा. शॉट संपला तरी ते उठले नाहीत. आम्हाला वाटलं, अजून अभिनयच चाललाय.

सगळं पुन्हा चित्रित करणं परवडणारं नव्हतं. दिग्दर्शक मला म्हणाला, "हेल्मेटात तोंड कुठं दिसतं? तू घाल." मी घातलं.

काल काकांच्या पत्नी त्यांचं सामान न्यायला आल्या. मी काकांच्याच खुर्चीत, त्याच पोशाखात बसलेलो. घाईघाईनं हेल्मेट काढायला गेलो, तर म्हणाल्या, "थांबा. काढू नका."

स्टूल ओढून त्या शेजारी बसल्या. धाकटीचा ताप उतरला, नळ दुरुस्त झाला, असं काहीबाही हळू आवाजात सांगत राहिल्या. मी नुसती मान हलवत होतो. श्वासानं काच धुरकटली, मला काही दिसेना, तरी त्या उठेपर्यंत मी हेल्मेट काढलं नाही.

हे बाबांना वाचून दाखवू नकोस. गुडघ्याला शेक देत जा.

तुझाच,
धाकटा