वळवलेलं टोक

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रिय प्रीतम,

अनेक आशीर्वाद. मामा-मामी बरे असतील. तुझा फोन बंद, म्हणून शेजारच्या मधूच्या हाती ही चिठ्ठी मुरबाडला पाठवतेय. आईचे गुडघे जरा ठीक आहेत. दुकानात लग्नपत्रिकांपेक्षा जर्सीचीच कामं जास्त. सगळ्यांना तेच जाडजूड, टोकदार, काळंकुट्ट इंग्रजी अक्षर हवं. जिमच्या पाटीवर तेच, बुलेटच्या टाकीवर तेच, मानेवरच्या टॅटूलाही तेच. काल एकाला म्हटलं, "अरे, वाचता कुठे येतंय?" तर म्हणतो, "ताई, वाचायचंय कुणाला? बघूनच फाटली पाहिजे."

तुमच्या 'किंग्ज' क्रिकेट टीमच्या जर्सीही तशाच. पाठभर अक्षरं, कोयत्याने छाटल्यासारखी. फक्त तुझ्या जर्सीवर मी पहिल्या अक्षराचं खालचं टोक लांबवून वर वळवलं होतं. तूच मागे लागलेलास, "माझी जरा हटके कर ना, ताई." मीही लाडाने केली.

परवा पोलीस दुकानात आले. मैदानाच्या गेटवर बसणाऱ्या विठ्ठलकाकांना मारलं, त्याचं सीसीटीव्ही दाखवलं. सगळ्यांच्या तोंडावर रुमाल. चेहरा एकाचाही दिसत नाही, पाठी मात्र स्पष्ट. साहेबांनी चित्र थांबवून मोठं केलं.

"मॅडम, जर्सी तुमच्याकडच्याच ना? मग बॅट उचललेल्याची ही एक वेगळी कशी?"

वर वळवलेलं ते टोक मी लगेच ओळखलं. म्हटलं, "छपाई बिघडली असेल."

"बिघडलेली कुणाला दिलीत, ते आठवून ठेवा. सोमवारी येतो."

काका अजून शुद्धीवर नाहीत. मैदान बंद करायची वेळ झाली एवढंच म्हणाले होते ना रे ते? आज मंजुळाकाकू दुकानात आल्या, काकांचा फोटो मोठा करून हवा होता. कशासाठी ते त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. जाताना म्हणाल्या, "पोरी, मारणारा सापडेल ना गं?" मी हो म्हटलं. पुन्हा खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

तू टाकून गेलेली जर्सी आईने दोनदा भिजवली. डाग गेला, अक्षरं जशीच्या तशी आहेत. आई ती जाळायला निघाली होती, मी हातातून ओढून घेतली. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही.

प्रीतम, मला तुझा भयंकर राग आलाय, आणि तू जेवलास की नाही याची काळजीही वाटते. दोन्ही एकदमच होतंय. सोमवारी साहेब आले की ती जर्सी मी टेबलावर ठेवणार आहे. उद्या आलास तर तीच जर्सी तू हातात घे, आपण पोलीस स्टेशनपर्यंत चालत जाऊ, मी शेजारी असेन. नाही आलास, तर तुझं नाव मला एकटीला घ्यावं लागेल. आणि मी घेईन.

सोमवारपर्यंत, आणि सोमवारनंतरही,
तुझीच ताई
ऐश्वर्या