जुळलेलं उत्तर

चेन्नई, शुक्रवार

चि. तेन्मोळी हिस,

संस्थेने माझ्यावर घोर अन्याय केला आहे. खोलीत नवा दिवा बसवलाय. माणूस हलला नाही की तो विझतो. स्थितप्रज्ञाची इथे सोय नाही. विचार करता करता मला दर दहा मिनिटांनी हात हलवून जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

काल शेजारच्या खोलीतली कोदै तुझा-माझा जुना शोधनिबंध घेऊन आली. कृष्णविवराने गिळलेली माहिती पुन्हा बाहेर येते, हे आपण क्वांटम क्षेत्रांच्या गणितातून दाखवलं होतं, तोच.

"सर, इथे उणे हवं, तुम्ही अधिक घेतलंय. दुरुस्त केलं की माहिती काही बाहेर येत नाही."

"होतात चुका, कोदैअम्मा."

"होतात हो. पण गणित दोघांनी वेगवेगळं केलं होतं ना? मग दोघं नेमके एकाच ओळीत कसे घसरलात?"

"गुरुशिष्य परंपरा," मी म्हणालो. ती हसली नाही. सोमवारी ती हे जाहीर करणार आहे.

बुधवारी तिकडे इटलीत, त्रिएस्तेला तुझी कायमच्या नोकरीची मुलाखत, आणि तू हाच निबंध मांडणार. निबंध लिहिताना तू मला तीनदा विचारलं होतंस, "सर, तुमचं उत्तर जुळलं ना?" मी जुळलं म्हणालो. मी ते गणित केलंच नव्हतं, तेन्मोळी. तुझी वही पाहून मान डोलावली होती.

तू ही चूक दोघांची समजशील आणि उलट मलाच धीर द्यायला फोन करशील. हे पत्र पाठवण्याचं धाडस माझ्यात नाही. फोनवरही मी खरं बोलणार नाही, याची मला भीती वाटते.

तुला शिकवणारा,
अरवमुदन