निंगनिंगच्या जिभेखालचा खडा

छिंगश्यू,
१७ नोव्हेंबर १९९६

रुईफिंग पोरी,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. इकडे आम्ही आजोबा-नात ठणठणीत आहोत. शिरक्याचे रांजण यंदा काठोकाठ भरलेत. काल तुझी निंगनिंग तीन वाडगे नूडल्स जेवली. तीन! वर आपला आंबटढाण शिरकाही स्वतःच्या हाताने ओतून घेतला.

तू म्हणशील, यात एवढं काय? सांगतो. 'पोर पोटभर जेवते' असं मी वर्षभर लिहीत होतो ना, ते खोटं होतं.

घास घेतला की ती जबडा धरायची. उजवीकडे लिंबाएवढी गाठ यायची, तासाभराने गायब. शिरका तर जिभेला लागला तरी डोळ्यांत पाणी. गालगुंड समजून मी निळ्या औषधाचा लेप थापला. शाळेत पोरांनी 'निळतोंडी' म्हणून छळलं तिला. मग वाटलं, नखरे आहेत. चार पिढ्या शिरका करणाऱ्या घरात पोरीला शिरका नको? गल्लीत तोंड कसं दाखवायचं?

एकदा दंड धरून पाजला. "आजोबा, खरंच दुखतं हो!" म्हणून ती रडली. मी म्हटलं, "सोंग पुरे." हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितोय.

शेवटी तिच्या शाळेतल्या बाईंनी दरडावलं, "तुम्ही नेता दवाखान्यात, की मी नेऊ?" ताइयुआनच्या डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली बोट फिरवलं. "म्हातारबुवा, गालगुंड काय जेवणाची वेळ बघून येतं? लाळेच्या नळीत खडा अडकलाय. आंबट खाल्लं की लाळ सुटते, वाट बंद, म्हणून फुगतं." भरपूर पाणी, शेक, जबडा मागून पुढे चोळायचा, अधूनमधून थोडं आंबट, पंधरा दिवसांत नाही निघाला तर शस्त्रक्रिया.

तेरा दिवस चोळलं. दुखायचं, तरी डोळे घट्ट मिटून शिरका चाटायची. धीट बाई! परवा सकाळी ओरडली, "आलं, काहीतरी आलं!" बशीत थुंकली. तिळाएवढा पिवळा खडा! अगं, गुडघेदुखी विसरून अंगणात नाचलो मी. अख्खी गल्ली बघायला लोटली.

काल जेवताना मात्र तिने हळूच विचारलं, "आजोबा, पुन्हा कधी दुखतंय म्हटलं, तर खरं मानाल ना?"

मी हातातला वाडगा खाली ठेवला. मग म्हटलं, "पहिल्या शब्दाला मानेन." खुदकन हसली आणि पुन्हा वाडग्यात तोंड घातलं.

रुईफिंग, तुझंही मी कधी ऐकून घेतलं नाही. एवढ्या लांब शेन्झेनला का गेलीस, तेसुद्धा विचारलं नाही. नववर्षाला ये आणि सांग. मध्ये बोलणार नाही.

नातीपुढे हरून कधी नव्हे इतका खूश झालेला,
तुझा बाप