यादीतून गाळलेली धाप

७ जानेवारी
काल मा.चा केमोचा तिसरा डोस. लाल औषध, डॉक्सोरुबिसिन. सिस्टर शेजारी बसून हळूहळू सोडते. शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जळतं म्हणे. आधीच्या दोन औषधांनी ढिम्म काही झालं नाही. याने मानेजवळची गाठ निम्मी झाली.
आदल्या संध्याकाळी मा. तक्रारी सांगते, मी, नवरा आणि कारकून, इंग्रजीत टाइप करून कागद नेतो. डॉक्टर बंगालीत म्हणाले, "आपनार नोट्स खूब भालो." तुमची टिपणं फार छान. ऑफिसात जन्मभर मिटिंगची टिपणं काढली, त्याचं चीज झालं म्हणायचं.

१९ जाने.
लिफ्ट नाही, आपण तिसऱ्या मजल्यावर. सॉल्ट लेकमधलं हे घर मीच पसंत केलं होतं. मा. जिन्यात दोनदा थांबली. खालच्या काकीमांनी मधल्या वळणावर प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. "बौमा, एकटू बोशे जाओ." सूनबाई, जरा बसून जा.

२६ जाने.
यादी. तोंडात फोड, चव नाही. मग मा. म्हणाली, "जिना चढताना धाप लागते. झोपताना दोन उशा लागतात."
डॉ. पहिल्याच दिवशी म्हणाले होते: हृदयाला इजा होऊ शकते, म्हणून जन्मभरात मिळून ठरावीकच देता येतं. धाप लागली तर लगेच सांगा, थांबवावं लागेल. थांबवलं तर पुढे काय, विचारलं तर फाईल चाळत बसले.
ओळ टाइप केली. पुसली. 'थोडा अशक्तपणा' लिहिलं.

२८ जाने.
काल चौथा डोस झाला. सिस्टरने विचारलं, श्वासाचा त्रास? मीच म्हणालो, नाही. मा. खिडकीबाहेर बघत होती.

११ फेब्रु.
मा.चे पाय सुजले. चपलेचा पट्टा लागत नाही. गाठ मात्र बोटाला जेमतेम लागते. हे सगळं तिच्यासाठी केलं असं म्हणायला जातो, आणि... स्वतःसाठी केलं. तिच्याशिवाय या गावात, कुठल्याच गावात, मला राहता येणार नाही.

१५ फेब्रु.
मा.ला सांगून टाकलं, धापेची ओळ मी पुसली. ती मेथी निवडत होती.
"ठाऊक आहे. टॅक्सीत वाचला होता कागद. मलाही इंग्रजी येतं."
मग बोलली का नाहीस?
"तू नाही म्हणालास, तेव्हा मला बरं वाटलं."
मी रडलो. ती नाही. मेथी निवडून झाल्यावर काड्या कागदात गुंडाळून टाकल्या.

१६ फेब्रु.
उद्या पाचवा. सांगितलं तर आधी हृदयाची तपासणी, आणि औषध बंद. मग गाठ वाढणार. नाही सांगितलं तर हृदय जाणार. यातून काही चांगलं निघेल असं मला वाटत नाही.
यादीला बसलो. एक, तोंडात फोड. दोन, चव नाही. तीन म्हणून मी थांबलो. मा. म्हणाली, "आकडा घालून ठेव. चहा घेऊ, मग ठरवू."
चहा झाला. कप विसळून ती परत समोर येऊन बसली आहे. कागदावर तीन आहे, पुढे काही नाही.